मातीची कुटी आणि नित्यकर्म

वर्धा शहरापासून सात-आठ किलोमीटरवर असलेल्या सेवाग्राम आश्रमातील ज्या कुट्या आज राष्ट्रीय वारसा म्हणून जपल्या जातात, त्या शतकानुशतके टिकाव्यात अशा हेतूने कोणीही बांधलेल्या नव्हत्या, ही गोष्ट त्यांच्या जतनाचा विचार करताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. देवळाचा पाया खोदताना ते पुढच्या पिढ्यांनी पाहावे ही इच्छा बांधणाऱ्याच्या मनात असते; किल्ल्याचा तट तर काळाला आणि शत्रूला एकाच वेळी आव्हान देत उभा राहतो. सेवाग्रामच्या कुट्यांमध्ये असा हेतू शोधूनही सापडत नाही. त्या शेतकऱ्याच्या घरासारख्या होत्या आणि शेतकऱ्याच्या घराप्रमाणेच, त्यात राहणारे हात नाहीसे झाले की दोन-चार पावसाळ्यांत मातीत मिसळून जाव्यात, अशाच त्यांच्या भिंती होत्या. तरीही जवळजवळ नऊ दशके त्या उभ्या आहेत. हे योग्य आहे का, आणि असल्यास कोणत्या अर्थाने, हा प्रश्न वास्तुशास्त्राचा कमी आणि धर्मविचाराचा अधिक आहे.

इतिहास थोडक्यात असा. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या स्थापनेनंतर मगनवाडीत राहिले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात गेले. विदर्भातल्याच दुसऱ्या, गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम असे ठरले. येथे आश्रम काढण्याचा त्यांचा विचार नव्हता, किंबहुना शक्य तर एकट्याने खेड्यात राहावे अशी त्यांची इच्छा होती. माणसे जमत गेली आणि आश्रम आपोआप उभा राहिला. पहिली वास्तू आदि निवास. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली आणि भिंतींवर मातीच्या उठावात ताडाची झाडे, ॐकार, चरखा अशी चित्रे काढलेली कुटी पुढे बापूकुटी झाली. कुष्ठरोगाने पीडित असलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री जिथे राहिले आणि गांधीजींनी ज्यांची शुश्रूषा केली, त्यांची कुटीही येथेच आहे. २५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी येथून दिल्लीला आणि पुढे नोआखालीला गेले, ते परत आलेच नाहीत.

या वास्तूंची द्रव्ये पाहिली म्हणजे जतनाचा प्रश्न किती रोकडा आहे हे कळते. वऱ्हाड-वर्ध्याकडच्या खेड्यांत काळी जमीन पिकासाठी आणि पांढरी वस्तीसाठी अशी जुनी विभागणी आहे, कारण कपाशीची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, तर पांढरी माती, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेवर साचलेली राखाडी, भुसभुशीत माती, भिंतीला धरून राहते. माती, बांबू, लाकूड, शिंदीची पाने, छपरावर कवेलू, म्हणजे कौले, आणि जमिनीला शेणाचे सारवण, एवढेच काय ते साहित्य. वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांश चार महिन्यांत पडणारा, एप्रिल-मे मधले पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणारे तापमान आणि बारमाही वाळवी, यांच्यापुढे हे साहित्य स्वतःच्या बळावर टिकत नाही. म्हणून सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठानला, म्हणजे या परिसराची देखभाल करणाऱ्या विश्वस्त संस्थेला, पावसाळ्यापूर्वी भिंतींना पानांचे आवरण बांधणे, कवेलू चाळणे, भिंती लिंपणे आणि जमिनी सारवणे ही कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात. एका पिढीच्या काळात भिंतीचा पृष्ठभाग अनेकदा नवा होतो. कवेलू, बांबू, वासे बदलले जातात.

मग जी बापूकुटी आज पाहिली जाते ती तीच आहे काय? भारतीय दर्शनांत या प्रश्नावर दीर्घ वाद झालेला आहे, आणि गंमत अशी की त्यातील सर्वांत वास्तववादी मानले जाणारे दर्शन येथे सर्वांत कठोर उत्तर देते. न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे अवयवांपासून बनलेली पण त्यांहून वेगळी अशी पूर्ण वस्तू, ही खरी वस्तू असते; मात्र तिचा एखादा अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या अवयवांपासून नवा निर्माण होतो. वस्त्राचा एक धागा निघाला तर उरते ते जुने वस्त्र नव्हे, तर खंडपट, म्हणजे तुकड्यातून निर्माण झालेले दुसरे वस्त्र. हा नियम काटेकोरपणे लावला तर पहिल्या डागडुजीतच मूळ बापूकुटी संपली असे म्हणावे लागते. बौद्धांना यात आश्चर्य वाटणार नाही. मिलिंदपञ्हात नागसेन राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देऊन समजावतो की चाके, आस, जू यांपैकी एकही रथ नव्हे आणि त्यांच्यावाचून वेगळा रथही नाही, ‘रथ’ हा केवळ व्यवहारासाठीचा संकेत आहे. बौद्धांच्या दृष्टीने टिकतो तो पदार्थ नव्हे, तर संतान, म्हणजे एकामागून एक उत्पन्न होणाऱ्या क्षणांचा प्रवाह. यावर मीमांसक आणि नैयायिक प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ‘हा तोच’ अशा ओळखीचा, पुरावा पुढे करतात, तेव्हा बौद्ध म्हणतात की कापून पुन्हा वाढलेल्या केसांनाही लोक ‘तेच केस’ म्हणतात, पण ती ओळख सादृश्याने झालेली फसगत असते.

सेवाग्रामला येणारा यात्रेकरू ‘येथेच बापू बसत’ असे म्हणतो तेव्हा त्याची प्रत्यभिज्ञा फसवी ठरते का? जागेविषयी ती खरी आहे, काही वस्तूंविषयीही खरी आहे. भिंतीच्या लेपाविषयी नाही. परंतु यात्रेकरूला लेपाचे वय विचारायचे नसते. ते वय विचारणारे शास्त्र आधुनिक आहे. वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने मूळ द्रव्याला आणि त्यावर साचलेल्या काळाच्या थरांना प्रामाण्य दिले, कारण त्या सनदेसमोर मुख्यतः दगडी इमारती होत्या. जपानमध्ये इसे येथील शिंतो मंदिर साधारण दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर नव्या लाकडाने पुन्हा बांधले जाते, अलीकडे ते २०१३ मध्ये बांधले गेले. आणि मालीमधल्या जेन्ने येथील मातीच्या महामशिदीला दरवर्षी सारे गाव उत्सव करून मातीचा नवा लेप देते. अशा परंपरांना ‘अस्सल’ म्हणायचे की नाही, या पेचातून १९९४ मध्ये नारा येथे तज्ज्ञांनी अस्सलपणाची व्याख्या रुंद केली आणि द्रव्यासोबत परंपरा, तंत्र, उपयोग आणि भाव यांनाही स्थान दिले. मराठी माणसाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. पार्थिव गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी असते, तिच्यात आवाहन होते आणि विसर्जनाने ती पाण्यात विरते, तरी घरातला गणपती तोच असतो. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या विधानात तर जीर्ण झालेली लाकडी मूर्ती अग्नीला आणि दगडी मूर्ती पाण्याला देऊन नवीची स्थापना करावी असे सांगितले आहे.

येथवर आल्यावर ‘द्रव्य गेले तरी चालेल, भाव राहिला पाहिजे’ असे सोपे उत्तर हाती येते, आणि बहुतेक भाषणांत ते तेवढ्यावरच थांबते. सेवाग्रामच्या बाबतीत मात्र त्याने भागत नाही, कारण येथे एक अधिक अवघड आक्षेप उभा आहे आणि तो खुद्द कुटीत राहिलेल्या माणसाचा आहे. आश्रमाच्या एकादश व्रतांत अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे काही न साठवणे, हे एक व्रत आहे. आपले लिखाण आपल्या देहाबरोबर जाळून टाकावे, कारण टिकेल ते केलेले काम, लिहिलेले नव्हे, असे गांधीजींनी १९३७ मध्ये सांगितले होते. १९४० मध्ये मालिकांदा येथे गांधी सेवा संघाच्या मेळाव्यात, गांधीवाद म्हणजे जर एक पंथच होणार असेल तर तो नष्ट झालेला बरा, अशा आशयाचे ते बोलले. त्यांचे सर्वांत जवळचे वैचारिक वारस विनोबा भावे यांनी तरुणपणी स्वतःच्या कविता अग्नीला आणि गंगेला अर्पण केल्या होत्या. गांधीजींच्या हत्येनंतर मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामलाच जी परिषद भरली, जिला नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, कृपलानी, कुमारप्पा, विनोबा असे लोक जमले होते, तिच्यापुढेही प्रश्न हाच होता की या माणसाच्या मागे काय ठेवायचे आणि काय ठेवायचे नाही. तेथून निघालेला सर्वोदय समाज मुद्दामच सैल ठेवण्यात आला, त्याला पंथाची चौकट दिली गेली नाही.

अपरिग्रही माणसाच्या वस्तूंचा संग्रह करणे यात अंतर्विरोध आहेच, आणि तो कधी कधी उघडाही पडतो. २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ, ताट-वाटी यांचा लिलाव झाला आणि एका मद्य-उद्योगपतीने ते सारे १८ लाख डॉलरला विकत घेतले. पुढे सेवाग्राम आश्रमातून त्यांचा एक चष्माच चोरीला गेल्याचे २०११ मध्ये उघड झाले. जो अस्तेयाचे, म्हणजे चोरी न करण्याचे, व्रत घेऊन राहिला, त्याच्या वस्तूला चोरण्याजोगी किंमत यावी, हा दोष चोराचा आहेच, पण ती किंमत निर्माण करणाऱ्या श्रद्धेचाही थोडा आहे. ज्या वस्तू तो वापरत होता त्या वस्तूच राहिल्या असत्या तर त्यांना पेटी लागली नसती.

तथापि, गांधीजी जतनाच्या विरुद्ध होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. वर्ध्यातले मगन संग्रहालय त्यांनी स्वतः ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडले. मगनलाल गांधींच्या नावाचे हे संग्रहालय खादी आणि ग्रामोद्योगांचे आहे, आणि त्याचा उद्देश गेलेल्या काळाचे दर्शन घडवणे हा नव्हता. चरखे, घाण्या, अवजारे पाहून माणसाने ते काम शिकावे, घरी जाऊन करावे, म्हणून ते होते. म्हणजे वस्तू ठेवण्याला त्यांचा विरोध नव्हता. ठेवलेली वस्तू हात चालवते की हात जोडायला लावते, एवढाच त्यांचा प्रश्न असावा, आणि सेवाग्रामच्या कुट्यांना तोच लावायला हवा.

तो लावण्यासाठी पूर्वमीमांसेतील कर्मविभाग उपयोगी पडतो. नित्यकर्म म्हणजे रोज करावयाचे, ज्याचे वेगळे फळ सांगितलेले नाही, पण जे न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो असे कर्म, उदाहरणार्थ संध्यावंदन. नैमित्तिक म्हणजे विशिष्ट निमित्ताने करावयाचे, जसे ग्रहणातले स्नान. काम्य म्हणजे एखादे फळ हवे असेल तरच करावयाचे. वारसा जपणाऱ्या कोणत्याही संस्थेचे वार्षिक काम या तीन खान्यांत मांडून पाहावे. सेवाग्रामला पहाटेची आणि संध्याकाळची सर्वधर्म प्रार्थना अजून होते. जपानी भिक्षू निचिदात्सु फुजीगुरुजींच्या परंपरेतील मंत्रही तिच्यात आहे. ही प्रार्थना नित्य आहे. २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीचे कार्यक्रम, त्या वेळचे अखंड सूतकताईचे यज्ञ, पवनारला धाम नदीच्या काठी, जिथे गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले तिथे, १२ फेब्रुवारीला भरणारा सर्वोदय मेळा, ही नैमित्तिक कर्मे. त्यातही विनोबांची सूतांजलीची कल्पना मोठी मार्मिक होती: प्रत्येकाने वर्षाकाठी स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी, म्हणजे ६४० तार, अर्पण करावी. येथे निमित्त एका दिवसाचे असले तरी ते पार पाडायला आधी अनेक दिवस बसावे लागते, त्यामुळे नैमित्तिकाच्या पोटात नित्य दडलेले असते. पर्यटकांची संख्या वाढावी, परिसर देखणा दिसावा, रस्ता रुंद व्हावा म्हणून जे केले जाते ते काम्य. त्याला फळ हवे असते, आणि २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडली गेली तेव्हा उठलेल्या निषेधातून दिसले त्याप्रमाणे, काम्य कर्म कधी कधी ज्याच्यासाठी ते केले जाते त्यालाच इजा करते.

भिंत लिंपणे यांपैकी कशात येते? जतनाचे तंत्रज्ञ ते काम्य समजतात, कारण त्याचे फळ म्हणजे टिकलेली भिंत. असे मानले की लगेच पुढची पायरी येते: तेच फळ कमी श्रमात मिळत असेल तर रासायनिक लेप, सिमेंटचे मिश्रण किंवा काचेचे आच्छादन का नको? पण लिंपणे हे नित्यकर्म मानले तर तर्क उलटा फिरतो. मग भिंत टिकते ती कर्माच्या ओघात, आणि तिचे पुन्हा पुन्हा झिजणे हा तिचा दोष नसून तिने घातलेला विधी ठरतो. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७८ मध्ये सेवाग्रामला याच कुटीविषयी भाषण केले, त्यात घर आणि सामान साठवण्याची जागा यांतील भेदावर त्यांचा भर होता. त्यांच्या विचारात एवढी भर घालता येईल की ज्या घराला रोज हात लागतो तेच घर राहते.

एक शंका येथे रास्त आहे. कर्मच महत्त्वाचे असेल तर कुटी कशाला हवी, कोठेही लिंपता आणि कातता येईल. येईलच, आणि खेडोपाडी आजवर स्त्रिया ते करीत आल्या आहेत. परंतु व्रताला आलंबन, म्हणजे टेकायला काही आधार, लागतो, निराधार व्रत संकल्पातच विरते. मातीच्या भिंतीचा विशेष असा की ती आलंबनही होते आणि चुकल्यास प्रत्यवायही तत्काळ दाखवते: एक पावसाळा हयगय झाली की ओल चढते. दगड एवढा प्रामाणिक नसतो. वर्ध्यातच गोपुरी येथे १९८० मध्ये झालेल्या गीताई मंदिरात विनोबांच्या गीताईचे अठरा अध्याय दगडी शिळांवर कोरलेले आहेत; त्या मंदिराला छत नाही, मूर्तीही नाही, आणि कल्पना म्हणून ते फारच उंच आहे. पण तो ग्रंथ कोणी वाचला नाही तरी शिळा तशाच उभ्या राहतील आणि न वाचल्याचा कोणताही डाग त्यांच्यावर उमटणार नाही. पवनारचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले आणि १९६७ मध्ये शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे तेथे उत्खनन केले; त्याआधीच विनोबांना तिथल्या आपल्या आश्रमाच्या जागी खणताना राम-भरत भेटीचे शिल्प सापडले होते, आणि ते वस्तुसंग्रहालयात न जाता आश्रमातच पूजेत राहिले. १९५९ मध्ये तेथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाल्यापासून तिथल्या साधक भगिनींच्या दिनक्रमात त्या शिल्पाला स्थान आहे. पुरातत्त्वाच्या शिस्तीला हे रुचेलच असे नाही, आणि शिस्तीचे म्हणणे पूर्ण चुकीचेही नाही, कारण घरे लिंपायला जी पांढरी माती गावे खणून नेतात तिच्यातच प्राचीन वस्त्यांचे थर असतात. महाराष्ट्रातली कितीतरी पांढरीची टेकाडे अशा नित्यकर्मानेच नाहीशी झाली आहेत.

राहिला तो सर्वांत अवघड भाग: हे कर्म कोणी करायचे? मीमांसेत यजमानाने दक्षिणा देऊन ऋत्विजांची सेवा विकत घ्यावी, कर्म त्यांनी करावे आणि फळ यजमानाला मिळावे, हे रीतसर मान्य आहे. त्याला परिक्रय म्हणतात. आजची बहुतेक वारसा-संस्था याच न्यायाने चालते. निधी एकाचा, मजुरी दुसऱ्याची, श्रेय तिसऱ्याचे. पण एकादश व्रतांत शरीरश्रम हेही एक व्रत आहे, आणि शरीरश्रमाचा परिक्रय होत नाही. दुसऱ्याकडून घाम गाळून घेऊन ते पाळता येत नाही. शिवाय ज्यांच्याकडे हे कसब आहे त्यांचीच घरे आता विटा-सिमेंटची होत आहेत, जे त्यांच्या दृष्टीने पूर्णपणे योग्य आहे, आणि मातीचे काम जाणणारे हात त्यामुळे कमी होणार हे उघड आहे. वर्ध्यात १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी स्थापलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या घरबांधणीवर प्रयोग केले ते खेड्यातल्या माणसासाठी. कुटीच्या जतनालाही तेच ज्ञान लागते. नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या श्रमाधारित शिक्षणाच्या, परंपरेतील, २००५ पासून सेवाग्रामला पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेसारख्या ठिकाणी मुलांच्या हातांना हे काम मिळणे, हे कोणत्याही सुशोभीकरणाच्या आराखड्याहून बापूकुटीच्या अधिक हिताचे आहे. वर्षातून दोन दिवस पांढऱ्या टोप्या घालून कातणारे पाहुणे ओघातले नैमित्तिक पार पाडतात, त्यात गैर काही नाही. पण नैमित्तिकाने नित्याची भरपाई होत नाही, हे मीमांसकांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे.

म्हणून सेवाग्रामला जाऊ इच्छिणाऱ्यांनी २ ऑक्टोबरच्या गर्दीऐवजी मृग लागण्यापूर्वीचे, उन्हाचे दिवस निवडावेत. डागडुजीची कामे त्याच सुमारास चालतात, आणि प्रतिष्ठानच्या कार्यकर्त्यांना विचारून त्यांतले एखादे काम, एक दिवसापुरते का होईना, स्वतःच्या हाताने करावे.